न कापलेली पानं

एकदा एका माणसाच्या घरात इतकी युद्धं साठली, की पाहुण्याला बसायला जागा उरली नाही. दचकू नका, युद्धं पुस्तकांतली होती. नगरच्या धोपावकर सरांविषयी सांगतो आहे. जन्मभर शाळेत इतिहास शिकवला आणि निवृत्तीनंतर तोच इतिहास जुन्या बाजारातून उचलून घरी आणला. बैठकीत पहिलं महायुद्ध, मधल्या खोलीत दुसरं, फाळणी जिन्याखाली आणि चीनची लढाई न्हाणीघराच्या भिंतीला लागून, त्यामुळे तिला कायमची ओल. बाई, म्हणजे सरांच्या पत्नी, हयात होत्या तेव्हा म्हणायच्या, "स्वयंपाकघर तेवढं तटस्थ राष्ट्र आहे. तिथे सैन्य घुसवाल तर याद राखा!" सरांनी तो तह बाई गेल्यावरही पाळला.

नगर पडलं लष्कराचं गाव. कँपातल्या साहेब लोकांच्या बदल्या झाल्या की सामान हलकं करायचं म्हणून पहिली गदा पुस्तकांवर यायची आणि ती पोती रज्जाकभाईच्या रद्दीच्या दुकानात येऊन पडायची. सेनापतींची आत्मचरित्रं, पंतप्रधानांची भाषणं, मोहिमांचे नकाशे, सगळं किलोवर. रज्जाकभाई हसून म्हणायचा, "सर, आपल्या काट्याला जिंकलेला आणि हरलेला सारखाच." सरांना हे वाक्य फार आवडे. त्यांच्या मते इतिहासाची अर्धी शिकवण त्यात आली होती.

सरांचा एक शिष्य होता, श्रीधर कराळे. शाळेतला विद्यार्थी, आता जिल्हा परिषदेत नोकरीला, चाळिशी उलटलेला. ढवळ्याशेजारी पवळा बांधला, वाण नाही पण गुण लागला, तशी गत. सरांच्या नादाने तोही जुनी पुस्तकं जमवू लागला. फरक एवढाच, की सर पुस्तक आणत आणि वाचत. श्रीधर पुस्तक आणी आणि जपे. प्रत्येक पुस्तकाला प्लास्टिकचं वेष्टण, कपाटात डांबराच्या गोळ्या आणि किल्ली कमरेला. बायको त्या कपाटाला देवघर म्हणायची, आणि तिच्या बोलण्यात भक्ती नव्हती.

एका पावसाळ्याच्या अखेरीस रज्जाकभाईच्या पोत्यातून श्रीधरला घबाड मिळालं. इटलीच्या आघाडीवर लढलेल्या एका मराठी पलटणीचा इतिहास, पलटणीतल्याच कुणा मेजरने इंग्रजीत लिहिलेला. पुस्तक दुर्मीळ होतंच, पण खरी गंमत पुढे होती. छापखान्यात मोठा कागद घड्या घालून शिवतात आणि मग कडा कापतात. या प्रतीच्या कडा कापायच्याच राहून गेल्या होत्या. सुरुवातीची काही पानं तेवढी सुटी, पुढची बहुतेक सगळी टोकांना एकमेकांना जोडलेली. वाचायचं तर सुरीने एकेक घडी सोडवायला हवी. इतक्या वर्षांत कुणी सोडवली नव्हती. सामान्य माणूस म्हणेल, सदोष माल! संग्राहक मात्र अशा प्रतीसाठी जीव टाकतो, कारण ती कुमारिका असते, तिला कुणाचा हात लागलेला नसतो.

श्रीधरला तर आकाश ठेंगणं झालं. त्याच्याकडे फाळणीपूर्व राजकारणाच्या एका मोठ्या ग्रंथाचे पहिला आणि तिसरा असे दोन खंड होते. दुसरा काही केल्या मिळत नव्हता. कपाटातली ती मोकळी जागा त्याला पडलेल्या दातासारखी सतत जिभेला लागे. पुण्याच्या एका संग्राहकाकडे तो खंड होता, आणि त्या गृहस्थाने फोनवर कबूल केलं, "तुमची ती न कापलेली प्रत द्या, माझा खंड न्या. पण एकही पान कापलेलं असेल तर आपला व्यवहार नाही." सोमवारी पुण्याला जायचं ठरलं. रविवारी सकाळी श्रीधर पुस्तक मिरवायला सरांकडे आला.

"पाहा सर," तो वेष्टण सोडत म्हणाला, "छापल्यापासून कुणी उघडलेलं नाही."

"म्हणजे कुणी वाचलेलंही नाही," सर म्हणाले.

"तेच तर!"

सरांनी त्याच्याकडे चष्म्यावरून पाहिलं आणि चहाचं आधण ठेवायला आत गेले.

इतक्यात दारात एक म्हातारी येऊन उभी राहिली. हिरवं लुगडं, हातात कापडी पिशवी, पायात धुळीने पांढऱ्या पडलेल्या वहाणा. "कराळेसायेब हितंच आसत्यात का? रद्दीवाल्या भाईंनी धाडलंय."

तिचं नाव कोंडाबाई. पारनेरच्या बाजूच्या एका वाडीहून सकाळच्या एसटीने आली होती. गावातल्या एका निवृत्त सुभेदाराने तिला सांगितलं होतं, की तिच्या बापाच्या पलटणीवर पुस्तक निघालंय आणि कोण कुठं पडलं ते त्यात आहे. त्या पुस्तकाचा माग काढत ती रज्जाकभाईकडे पोचली होती आणि तिथून इथे.

सरांनी तिला खुर्ची मोकळी करून दिली, म्हणजे खुर्चीवरचं रशियाचं क्रांतिपर्व खाली ठेवलं. पाणी दिलं. ती टेकली, पण पाठ टेकली नाही.

"मपला बाप लढाईवर गेला तवा मी आईच्या पोटात व्हते," ती म्हणाली. "मला वरीस व्हायच्या आत आई गेली. सरकारचा कागद आला असंल, नसंल, कुनाला ठावं. मामानं वाढवलं. अन् गाव म्हनायचं, तुझा बाप कशाला मरतोय, पळाला आसंल, तिकडंच मड्डम करून ऱ्हायला आसंल. लगीन झालं तरी सासू तेच टोचायची, पळपुट्याची लेक म्हनून. आता टोचनारं कुनी ऱ्हायलं न्हाई. पन मला कळाया पायजे. मेला का पळाला, येवढंच बघा. रखमाजी औटी, मेला का पळाला?"

श्रीधरला त्या बाईची कणव आली, खोटं कशाला बोला. पण कणवेबरोबर त्याला पुण्याचा व्यवहारही आठवला. नाव शोधायचं म्हणजे पानं उघडायची, आणि पानं उघडायची म्हणजे दुसरा खंड गेला. त्याने घाईघाईने म्हटलं, "आजी, काळजी करू नका. पान न कापताही आत पाहता येतं."

येतं, बरं का. संग्राहकांना ही कला अवगत असते. जोडलेली पानं बोटांनी जरा फुगवायची, नळीसारखी पोकळी होते. तिच्यात एक डोळा लावून वाचायचं. श्रीधरने मोबाइलचा दिवा लावला आणि एकेका घडीत डोकावू लागला. उंदराच्या बिळापाशी मांजर बसतं, तसा तो पुस्तकापाशी बसला होता. मान वाकडी, एक डोळा मिटलेला, कपाळावर घाम. सर चहाचा कप हातात घेऊन पाहत राहिले. कोंडाबाईने चहाला हात लावला नाही. तिचे डोळे श्रीधरच्या ओठांवर होते.

बऱ्याच वेळाने तो ओरडला, "सापडलं! रखमाजी औटी!"

म्हातारी उठून उभी राहिली. "काय लिवलंय?"

"थांबा... रात्री नदी ओलांडायची होती... पलीकडून मशीनगनचा मारा... पलटण दुसऱ्या काठाला लागली... 'तेवढ्यात शिपाई रखमाजी औटी मागे फिरला, आणि...'"

"आनि?"

श्रीधरने पुस्तक इकडे फिरवलं, तिकडे फिरवलं. पुढच्या ओळी घडीच्या आत, शिवणीलगतच्या अंधारात गेल्या होत्या. "पुढचं दिसत नाही," तो म्हणाला.

कोंडाबाई हळूच खाली बसली. "मागं फिरला," ती म्हणाली. "म्हंजी लोक म्हनत व्हते ते खरंच." तिने पिशवी जवळ ओढली आणि पदराने तोंड पुसलं. जन्मभर ऐकलेली गोष्ट आज छापील निघाली, असं तिचं तोंड झालं होतं.

श्रीधरला ते पाहवेना. दुसरा खंड, पुणे, सोमवार, सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं, आणि मनापासून सांगायचं तर गेलं ते लगेच गेलं नाही. क्षणभर तिथे रेंगाळलं. मग तो उठला आणि सरळ तटस्थ राष्ट्रात घुसला. आंबे कापायची सुरी घेऊन बाहेर आला, घडीत घातली आणि ओढली. कागद फाटल्याचा आवाज त्याच्या काळजातून गेला.

त्याने पान उघडलं आणि मराठी करत वाचू लागला. "'मागे फिरला, कारण मधल्या वाळूवर दोन जखमी जवान राहिले होते. त्याला कुणी हुकूम दिला नव्हता. एकाला पाठीवर घेऊन तो काठाला आला. दुसऱ्याला आणायला पुन्हा पाण्यात उतरला. तो आम्हाला परत दिसला नाही.'"

त्याने उघडलेलं पान तिच्यापुढे धरलं. मग कोंडाबाई म्हणाली, "पुन्यांदा वाचा." त्याने वाचलं. "आजून येकदा." त्याने पुन्हा वाचलं. तिसऱ्या वेळी ती हसली आणि रडली, दोन्ही एकदम. "बया, बया! मामा असाया पायजे व्हता. सासू असाया पायजे व्हती!" तिने पुस्तकावर हात ठेवून तो कपाळाला लावला. मग गार झालेला चहा एका घोटात पिऊन टाकला.

श्रीधरचाही जीव भांड्यात पडला. बाईचं काम झालं होतं आणि कापली होती एकच घडी. मनात हिशेब सुरू झाला: एवढं एक पान पुण्याचा गृहस्थ माफ करील, हातापाया पडू, समजावून सांगू. तो रुमालाने पुस्तक पुसू लागला.

त्या वेळी सरांनी ते त्याच्या हातातून काढून घेतलं. सुरी उचलली आणि पुढची घडी कापली. मग त्याच्या पुढची. शांतपणे, भाजी निवडावी तसे, ते एकामागून एक पानं मोकळी करत चालले.

"सर! काय करताय हे!" श्रीधर जागचा उठला. संताप त्याच्या तोंडावर उमटला होता. "नाव मिळालं ना! आता बाकीची कशाला? माझं पुस्तक आहे ते!"

"तुझंच आहे," सर हात न थांबवता म्हणाले. "रागव. हक्क आहे तुझा. तुझा खंड गेला, याचं मलाही वाईट वाटतं, तोंडदेखलं सांगत नाही." शेवटची घडी कापून त्यांनी सुरी खाली ठेवली. "पण श्रीधर, या बाई एसटीत बसून इथवर आल्या म्हणून यांचे वडील बाहेर आले. ज्यांच्यासाठी कुणी आलं नाही, त्यांनी काय करायचं? आतच राहायचं? युद्धस्य कथा रम्याः असं म्हणतात, ते तुझ्यामाझ्यासारख्यांसाठी. आपण उंटावरून शेळ्या हाकणारे. कोणता सेनापती कुठे चुकला यावर चहाचे कप रिकामे करतो. जो पाण्यात उतरला, तो या घड्यांत होता, आणि आपण त्याला कुणाचा हात लागू नये म्हणून जपत होतो. जपणं चांगलंच, बाळा. कुणापासून जपायचं, एवढं मात्र एकदा ठरव."

श्रीधरने हातातला रुमाल खिशात कोंबला. त्याला राग होता, आणि सरांचं म्हणणं पटलं होतं म्हणून तो अधिकच होता.

कोंडाबाईला या गुरुशिष्यांचं भांडण उमगलं नाही. ती तिच्याच विचारात होती. "दादा," ती श्रीधरला म्हणाली, "मपला बाप ज्याला आनाया दुसऱ्यांदा गेला, तो कोन व्हता?"

श्रीधरने सरांच्या हातातून पुस्तक घेतलं. आता पान उलटायला बोट पुरत होतं. नाव पुढच्याच घडीत होतं, नुकत्याच मोकळ्या झालेल्या. "शिपाई धोंडिबा सातपुते. गाव माण तालुक्यातलं. सकाळी शोध घेतला, पण दोघेही सापडले नाहीत, असं लिहिलंय."

"दोघंबी," म्हातारी म्हणाली. मग तिने विचारलं, "त्याच्या घरी कुनाला ठावं आसंल का वो, त्याला आनाया मानूस गेला व्हता म्हनून? का त्येलाबी लोक पळपुटा म्हनत आसत्याल?"

सरांकडे ऐकून ऐकून श्रीधरला पहिल्या महायुद्धातल्या सेनापतींच्या घोड्यांची नावं पाठ होती. कोणत्या तहावर कुणी कोणत्या लेखणीने सही केली, तेही तो सांगू शके. या प्रश्नाचं उत्तर त्याला येत नव्हतं. त्याने मान वर केली तेव्हा त्याचे डोळे भरलेले होते आणि राग कुठे गेला ते त्यालाही कळलं नव्हतं.

"माहीत नाही, आजी," तो म्हणाला. "जाऊन विचारतो."

सोमवारी तो पुण्याला गेला नाही, माण तालुक्यातल्या दहिवडीच्या गाडीत बसला. आणि त्यानंतर नगरच्या एसटी स्टँडवरच्या लोकांना एक गृहस्थ रविवारी हटकून दिसू लागला, काखेत पुस्तक, वेष्टण नसलेलं, आणि तोंडी कुठल्या तरी वाडीचा पत्ता.