चिमणीचा क्रूस

फार फार वर्षांपूर्वी, म्हणजे मोजायला बसाल तर बोटं संपतील, खाडीकाठच्या एका गावात कोंसूबाय राहत होती. माडाची कोवळी पात घेऊन ती क्रूस विणायची. ईस्टरच्या आधी येणाऱ्या झावळ्यांच्या रविवारी मिरवणुकीत सगळ्यांत पुढे जायचा तो तिचाच क्रूस. एक ना दोन, वीस वर्षं.

मग पलीकडच्या काठावरून शेजारच्या घरात फेलिसा सून म्हणून आली. तिनेही क्रूस विणला आणि त्याच पातीची एक चिमणी विणून आडव्या दांड्यावर बसवली.

"अगं बाई, आता उडेल की काय!" बाया म्हणाल्या. पाद्रीबाबांनी तोच क्रूस पुढे दिला. कोंसूबायचा गेला मागे.

कोंसूबायच्या अंगाची आग आग झाली. घरी येऊन ती देवावरच फणकारली, "मी तुझ्यासाठीच विणते ना? मग ही कालची पोर मध्ये कुठून घुसवलीस?"

उत्तर ऐकायला थांबली असती तर गोष्ट इथेच संपली असती. पण थांबतेय कशाला!

आता त्या गावची रीत ऐका. झावळीचे क्रूस वर्षभर घरात ठेवायचे, मग गोळा करून जाळायचे. राखेच्या बुधवारी तीच राख कपाळाला लावायची. गोळा करायचं काम कोंसूबायकडे. सगळ्यांचे क्रूस ती जाळायची, स्वतःचे मात्र गुपचूप पेटीत ठेवायची. इतकं नाजूक काम कोण जाळणार?

वर्ष सरलं, जाळायची वेळ आली, तेव्हा बाया म्हणाल्या, "फेलिसाची चिमणी तेवढी राहू दे गं."

"रीत म्हणजे रीत!" म्हणत कोंसूबायने तीच आधी आगीत टाकली. मग वळून फेलिसाचं तोंड बघितलं. रडते का?

फेलिसा रडली नाही. म्हणाली, "काकी, जळायलाच तर विणली होती. नवी पात आणून ठेवलीय, या ना घरी. चोच माझी दरवेळी वाकडी होते. तुम्ही दाखवा."

"मला नाही वेळ," कोंसूबाय म्हणाली.

बुधवारी पाद्रीबाबांनी सगळ्यांना राख लावली. म्हाताऱ्यांना, पोरांना, कोंसूबायलाही. कोणीतरी हसून म्हणालं, "आज प्रत्येकाच्या कपाळावर चिमणी बसली!"

कोंसूबाय तरातरा घरी गेली. आपलं काम तरी डोळे भरून बघू म्हणून तिने पेटी उघडली. किडीने सगळ्या क्रूसांचा भुसा केला होता. ना देवाच्या कामी आले, ना एका कपाळाला लागले.

शेजारचं दार उघडंच होतं. पण तिचा पाय उठला नाही. तिने पुन्हा पातीला हात लावला नाही, आणि हळूहळू बोटं वीण विसरली.

लहानांनो, मोठ्यांनो, देवासाठी केलेल्या कामात जो स्वतःचा पहिला नंबर शोधतो, त्याच्या हाती शेवटी भुसाच राहतो.