मास्तरांची झारी

"वासासाठी कोणतं खत घालू, बाबा? तेवढंच सांगा."

यशवंत पाटणे मास्तर दर्ग्याच्या पायरीवर कुंडी टेकवून उभे होते. टेकडी चढून धाप लागली होती, पण ऐट उतरली नव्हती. चौतीस वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवलेला माणूस. कुणाला काही विचारायची सवयच नव्हती बिचाऱ्याला.

कुंडीत सब्जा होता. कमरेइतका उंच, पानं नेहमीच्या दुप्पट. वाटेत लोक थांबून बघत होते, आणि ते बघतायत हे मास्तरांनी नीट बघून घेतलं होतं.

दर्ग्याची झाडलोट करणाऱ्या अमीनशाबाबांनी एक पान खुडलं. चुरडलं. नाकाशी नेलं.

"वास कुठाय?"

"तेच तर…"

मास्तर लहानपणी तापानं फणफणले, तेव्हा आईनं नवस बोलला होता. दर उरुसाला घरच्या कुंडीतला सब्जा पिराला चढवीन. साठ वर्षं तिनं तो पाळला. यंदा तिची नजर गेली, म्हणून कुंडी मास्तरांच्या हाती आली.

"परवा आईनं पान हुंगलं," मास्तर म्हणाले. आवाज जरा खाली आला. "म्हणाली, ही माझी कुंडी नव्हे. बाजारातनं आणलीस आणि मला आंधळीला फसवतोस. शपथ घेतली तरी पटेना. बोलत नाही माझ्याशी."

"काय काय घालता?"

"शेणखत, गांडूळखत, निंबोळी पेंड. दर तिसऱ्या दिवशी युरियाचं पाणी. वहीत लिहून ठेवतो."

"आई काय घालायची?"

"ती? तांदळाचं धुवण. तेही आठवलं तर."

"आणि पाणी?"

"मी सकाळ-संध्याकाळ एकेक झारी. ही काय, बरोबरच आणलीय. तुम्हाला माप कळावं म्हणून."

"त्याला तहान लागते का?"

"लागूच देत नाही मी."

बाबांच्या मागे, भिंतीच्या कडेला, फुटक्या घागरीत एक काटकुळा सब्जा उगवला होता. त्याला येता-जाता बाबांचा हात लागला, की सगळा ओटा घमघमायचा. मास्तरांनी त्याच्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं.

बाबांनी झारी उचलली आणि वळचणीच्या खुंटीला अडकवली.

"ही राहू दे इथंच. पानांनी माना टाकल्या की या."

"आणि खत?"

"घातलंय तेवढं आधी पचू दे."

मास्तर दुसऱ्याच दिवशी हजर.

"माना टाकल्या?"

"नाही. पण माती वरून सुकलीय."

"आत बोट घातलं?"

मास्तर घरी गेले, बोट घातलं. दुसऱ्या पेरापर्यंत माती ओलीच होती. इतकी वर्षं खडू धरलेलं ते बोट पहिल्यांदाच मातीत गेलं.

सहाव्या दिवशी धावत आले. सदऱ्याची बटणं खालीवर लागलेली.

"टाकल्या माना. मरतंय ते, बाबा. आता तरी झारी द्या."

बाबांनी रांजणातून एक तांब्या भरून दिला.

"एवढंच. कडेकडेनं, सावकाश."

"एवढ्यानं काय होणार?"

बाबांनी केरसुणी उचलली.

मास्तर तांब्या हिंदकळू न देता टेकडी उतरले. कडेकडेनं पाणी घातलं आणि स्टूल घेऊन समोरच बसले. तासाभरात एक पान उठलं. मग दुसरं. मुळं पाणी कसं ओढतात हे त्यांनी हजारो पोरांना फळ्यावर काढून दाखवलं होतं. घडताना बघितलं ते आज.

पुढं त्यांनी झारी मागितली नाही. माती सुकेल तेव्हा एक तांब्या, नाहीतर नुसतं बसायचं. वही फडताळात गेली. मोठाली पानं गळली, नवी आली ती बारकी आणि जाड. शेजारी विचारायचे, "मास्तर, झाड आजारी आहे का?" मास्तर गिळून गप्प बसायचे. ते काही सोपं नव्हतं त्यांना.

उरुसाच्या सकाळी त्यांनी कुंडी आईच्या पुढ्यात ठेवली.

तिनं शेंड्यांवरून हात फिरवला. बोटं नाकाशी नेली.

"कुठं ठेवली होतीस रे इतके दिवस माझी कुंडी?"

मास्तर रडले. साठी उलटलेला माणूस, पण रडले.

दुपारी आईला धरून त्यांनी टेकडी चढवली. तिनं सब्जा पिराला चढवला आणि ओट्यावर टेकली. मास्तर बाबांच्या जवळ सरकले.

"बाबा, माझी झारी तेवढी…"

त्यांनी खुंटीकडे हात नेला. बाबांनी मनगट धरलं.

झारीच्या तोंडातून एक चिमणी भुर्रकन उडाली. आतून चिवचिवाट सुरू झाला.

मास्तरांनी टाचा उंचावून आत डोकावलं. गवत, कापूस आणि तीन उघड्या चोची.

"भुकेली दिसतात हो."

त्यांचा हात आपोआप खिशात गेला. खिशात प्रसादाचे चुरमुरे होते.

"थोडे घालू का आत? थोडेच…"

बाबांनी ओट्याकडे बघितलं. म्हातारी अजून आपली बोटं हुंगत बसली होती.

"नको, मास्तर," बाबा म्हणाले. "आई आहे त्यांना."