सॉरीला वाट दाखवणारी

त्या मुलुखात माणसं मनातलं स्वतः बोलत नसत. ती शब्दांना एकमेकांच्या दारी पाठवत. शब्द गावातच घरं करून राहत, म्हातारे होत, आणि कुणी बोलावेनासं झालं की अंगाने झडत जात.

माफी ही तिथली जुनी रहिवासी. फार हट्टी बाई. तिला पाठवणाऱ्याने स्वतः तिच्या मागोमाग भर रस्त्यातून चालत यायचं, ही तिची अट. दारात पोचली की ती उंबऱ्यावर बसे आणि आतल्या माणसाने तिच्या डोक्यावर हात ठेवल्याशिवाय उठत नसे. अशा बाईला कोण हौसेने बोलावणार? पण दुसरा इलाज नव्हता, म्हणून लोक बोलावत.

मग समुद्रापलीकडून सॉरी आला. तरतरीत, हसतमुख, पायाने चपळ. परक्या शब्दाला एकट्याने कुणाच्या दारी जायची मुभा नसे. गावातल्या एखाद्या शब्दाने सोबत जाऊन त्याची ओळख पटवून द्यायची, असा रिवाज होता. हे काम माफीकडे आलं. तिने त्याला गल्ल्या दाखवल्या, घराघरांत त्याच्यासाठी शब्द टाकला. पोरावर तिचा जीव जडला.

"गर्दीत धक्का लागला, कुणाचा चहा सांडला, असल्या कामांना तू जात जा, बेटा," ती म्हणाली. "माझे गुडघे दुखतात."

तिथेच ती चुकली. सॉरी जाऊन लगेच परत येई, आणि पाठवणाऱ्याला घरातून हलावंही लागत नसे. लोक प्रत्येक कामाला त्यालाच धाडू लागले. माफीचं दार वाजेनासं झालं.

त्याच गावात शमशाद आपा राहत. त्यांचा नवरा वारला तेव्हा त्यांचा सख्खा भाऊ बद्रुद्दीन जुन्या भांडणापायी जनाज्याला खांदा द्यायला आला नाही. तो पलीकडच्याच गल्लीत राहत होता. पुढे त्याला फार पस्तावा झाला, तो एकटा बसून रडला. पण माफीच्या मागे सगळ्यांदेखत चालायचं म्हटलं की पाय जड होत. त्याने सॉरीला पाठवलं.

आपांनी दार उघडलं आणि त्याच्या खांद्यावरून रस्त्याकडे पाहिलं.

"मागून कुणी येतंय?"

"नाही आपा, मी एकटाच."

त्यांनी त्याला सरबत दिलं आणि परत पाठवलं. दर ईदला असंच होई. आपा वाईट बोलत नसत. फक्त दार लावायला त्यांना उशीर लागे.

एका ईदला सॉरीच बद्रुद्दीनला म्हणाला, "भाईजान, आता मला पाठवू नका. आपा अंथरुणाला खिळल्यात, तरी मान उचलून माझ्या मागे बघतात. मला तिथे उभं राहवत नाही."

बद्रुद्दीन अखेर माफीकडे गेला. ती इतकी झडली होती की उठताना भिंतीला धरावं लागलं. पण अट तीच. ती पुढे, तो मागे, आणि त्यांच्याही मागे सॉरी, असे ते आपांच्या गल्लीत शिरले. बद्रुद्दीनने मान खाली घातली होती, म्हणून दारातली माणसं त्याला उशिरा दिसली. आपा पहाटेच गेल्या होत्या.

माफी उंबऱ्यावर बसली. आपांची मुलगी तरन्नुम बाहेर आली. तिने या बाईला जन्मात पाहिलं नव्हतं.

"मामू, ह्या कोण?"

मग सॉरी पुढे झाला आणि त्याने हलक्या आवाजात माफीची ओळख करून दिली.

"अच्छा, म्हणजे तुझ्यासारख्याच," तरन्नुम डोळे पुसत म्हणाली. "असू दे, मामू."

आतून जनाजा उचलला गेला. माफी जागची हलली नाही. खांदेकऱ्यांनी एकेक करून तिला ओलांडलं.