खचलेला कोपरा

माणसं अवजारांचं ऐकत असत, त्या काळातली ही गोष्ट. भागीरथीबाईंच्या घराचा एक कोपरा खचला होता. गवंड्याच्या थापीने तिथे तीनदा चुन्याचा थर देऊन जमीन सपाट केली आणि तीनदा शाबासकी घेतली. जमीन मात्र तिन्ही वेळा पुन्हा खचली. बाई म्हणाल्या, "आता खचली तर घर पाडायचं."

थापी चौथ्या थराला निघाली. दोरीला लोंबणारा ओळंबा म्हणाला, "थापीताई, पायातल्या दगडाला विचारलंत का?"

"तो कधी बोलतो?"

"कुणी विचारतं कुठे!"

ओळंब्याने जमिनीच्या भेगेतून खाली उतरून विचारलं. दगड म्हणाला, "मोरीचं पाणी मुरून माझ्याखालची माती वाहून गेली. त्यात तुम्ही वरून ओझं वाढवता आणि त्याला दुरुस्ती म्हणता!"

थापी ओशाळली आणि तिने हे बाईंना सांगितलं. बाईंनी मोरीचं पाणी दुसरीकडे वळवलं, जुने थर काढले, दगडाखाली भक्कम भर घातली. मग थापीने एकच पातळ थर दिला. पावसाळा गेला, तरी जमीन हलली नाही.

"आता ही भिंतीची भेग बुजव," बाई म्हणाल्या.

थापी चुना घेऊन धावली, मध्येच थांबली आणि भेगेला म्हणाली, "बाई गं, आधी तुझं काय म्हणणं आहे ते सांग."