परक्या ओट्याचा बाजार

जपून या, पायरी झिजलेली आहे. ही आंबवेढ्याची जुनी पेठ. आज रथसप्तमी आहे, त्यामुळे इथे काही घ्यायला गेलात तर जरा गोंधळ होईल, हे आधीच सांगून ठेवतो. ते समोर केरसुण्या आणि सुपं मांडून बसलेत ना, ते सोनार आहेत. त्यांना सुपाचा भाव विचारलात तर ते शेजारी बघतील. शेजारी बांगड्यांच्या दुकानात लोहार बसलाय, त्यालाही ठाऊक नाही. मी स्वतः अत्तार. आमच्या सात पिढ्या अत्तर आणि उदबत्ती विकतात, पण आज सकाळपासून मी इथे शिंप्याच्या ओट्यावर बसून दोरे विकतोय. आजच्या दिवशी या पेठेत कोणी आपल्या ओट्यावर बसत नाही, आणि एकही दुकान बंद राहत नाही. असं का, ते सांगतो. माझ्या आजोबांनी मला सांगितलं, तसंच सांगतो.

फार पूर्वी ही पेठ मिठावर जगत होती म्हणे. खाली कोकणातून लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर मीठ लादून घाट चढायचे आणि पहिला मुक्काम इथे करायचे. मीठ उतरलं की त्याच्या बदल्यात कापड, तांब्याची भांडी, तेल, गूळ असं सगळं बैलांवर चढायचं. वेशीपासून नदीपर्यंत दोन्ही बाजूंना दुकानं होती आणि प्रत्येक दुकानापुढे असा दगडी ओटा.

मग एका साली घाटात दरड कोसळली. वाट मोकळी करायला माणसं लावली, पण वरून दगड येतच राहिले. तांडे दुसऱ्या घाटाने जाऊ लागले. तो घाट इथून तीन कोसांवर. प्रांताच्या देशमुखाने त्या वाटेवर नवी पेठ वसवायला घेतली आणि इथले व्यापारी एकामागून एक तिकडे निघाले.

जाताना प्रत्येकाने एक गोष्ट केली. दुकानाच्या फळ्या लावल्या, अडसर घातला, फळीला हळदकुंकू लावलं आणि वेसाईदेवीची आण घातली, की माझ्यामागे या फळीला कोणी हात लावू नये. वेसाई म्हणजे ते वेशीतलं छोटं देऊळ. त्या काळी कुलपापेक्षा आणेवर माणसाचा भरवसा जास्त. आण मोडताना माणसाचा हात ज्या धंद्यात असेल तो धंदा बसतो, अशी समजूत होती. त्यामुळे गेलेल्यांची दुकानं कोणी लुटली नाहीत, पण कोणी उघडलीही नाहीत. ओट्यांवर गवत आलं. फळ्यांमागे वटवाघळं राहू लागली. गावातली माणसंसुद्धा नदीला जायला मागच्या पाणंदीने जाऊ लागली.

जी थोडी दुकानं उघडी राहिली, त्यांत एक म्हाळसा रंगारणीचं होतं.

म्हाळसा निळीचं काम करायची. तिच्या सासूने घातलेला निळीचा रांजण तिच्याकडे होता. निळीचा रांजण दह्याच्या विरजणासारखा असतो. त्याला रोज कोमट ठेवावं लागतं, गूळ-चुना द्यावा लागतो, ढवळावं लागतं. हयगय झाली तर तो मरतो. तिचा नवरा नरसू नव्या पेठेत गेला होता. तिथे देशमुखाच्या गाड्या हाकत होता आणि त्याबद्दल देशमुख त्याला दुकानाला जागा देणार होता. दर काही दिवसांनी तो तिला न्यायला यायचा.

"रांजण गाडीवर घालू," तो म्हणायचा. "पेंढ्यात बसवून नेऊ."

"हिंदकळला की तळ वर येतो. मग काय राहिलं?" ती म्हणायची.

"रांजणासाठी माणूस असतो की माणसासाठी रांजण?"

यावर ती रांजणाकडे वळायची म्हणे. नुसती ढवळत राहायची. नरसू भाकरी खाऊन परत जायचा.

म्हाळसेला पेठेचा फार कळवळा होता, असं कोणी सांगत नाही. तिची अडचण साधी होती. रंगवलेलं ओलं कापड ती बाहेर वाळत घालायची आणि शेजारच्या ओसाड ओट्यांवरची धूळ उडून त्यावर बसायची. म्हणून ती रोज सकाळी आजूबाजूचे ओटे झाडायची, सडा टाकायची. आधी दोन ओटे, मग समोरचे, मग पार वेशीपर्यंत. फळीला मात्र हात लावायची नाही. झाडता झाडता तिला सवय लागली असावी. वीरभद्रआप्पा म्हणून मिठाचे मोठे व्यापारी होते, त्यांच्या ओट्यावर पिंपळाचं रोप आलं होतं, ते तिने मुळासकट काढलं आणि नदीकाठी नेऊन लावलं, असं सांगतात.

त्या वर्षी पौषात देशमुखाचा कारभारी आला. त्याने पेठेचे महाजन हरबाशेट यांना बोलावलं आणि गावासमोर निरोप सांगितला. नव्या पेठेला लाकूड आणि घडीव दगड कमी पडतोय. इथे तो नुसता कुजतोय. रथसप्तमीला गाड्या येतील. ज्या दुकानाच्या फळ्या बंद असतील ते दुकान उतरवलं जाईल.

हरबाशेट म्हणाले, "दुकानं लोकांच्या मालकीची आहेत."

कारभारी म्हणाला, "माणूस बसतो त्याला दुकान म्हणतात. बाकीचं लाकूड. जिथे माणूस बसलेला दिसेल, तिथल्या खुंटीलाही आम्ही हात लावणार नाही. देशमुखांचा शब्द आहे."

तो गेला आणि गाव वेसाईच्या देवळापुढे जमलं. माणसं होती. शेतकरी होते, कुंभार, कोष्टी, बुरूड होते. ते रोज कुठेतरी बसून काही ना काही विकतच होते. त्या दिवशी इथे येऊन बसायला कोणाची ना नव्हती. पण फळी उघडायची कोणी? गुरवाने आणेची आठवण करून दिली. कुंभार म्हणाला, माझं चाक बसलं तर पोरं काय खातील? कोष्टी म्हणाला, माझा माग बसला तर? ज्याने त्याने आपापल्या हातांकडे पाहिलं.

म्हाळसा मागे बायकांत बसली होती. ती उठून पुढे आली.

"सगळ्यांनी आण मोडली तर सगळ्यांचे धंदे बसतील," ती म्हणाली. "एकाच हाताने मोडली तर?"

गुरव म्हणाला, "तर त्या एकाचा बसेल."

"मग मी उघडते. तुम्ही नुसते बसा."

हरबाशेट म्हणाले, "म्हाळसे, तुझ्या सासूचा रांजण आहे. विचार कर."

"विचारच करतेय, दादा. पेठ उतरवली तर मी एकटी इथे कोणासाठी रंगवू?"

तिने देवीपुढे हात जोडले आणि मोठ्याने म्हटलं, की या फळ्या मी उघडते, दुसऱ्या कोणाचा यात हात नाही, जे व्हायचं ते माझ्या हाताला होवो. गुरवाने अंगारा लावला. 

रथसप्तमीला उजाडताच तिने वेशीकडून सुरुवात केली. हळदकुंकवाला नमस्कार करायचा, अडसर काढायचा, फळी उचलायची. लाकूड फुगलेलं, कड्या गंजलेल्या. मदतीला कोणी पुढे झालं की ती मागे सारायची. एकेक दुकान उघडत गेलं तसं गाव मागून आत बसत गेलं. सराफाच्या पेढीवर कुंभाराने मडकी मांडली. तेल्याच्या घाण्यापाशी बायका भाजी घेऊन बसल्या. ज्याच्याकडे विकण्यासारखं काही नव्हतं, त्याने शेण्या मांडल्या. शेवटी नदीकडचं, म्हाळसेच्या दुकानासमोरचं, वीरभद्रआप्पांचं मिठाचं दुकान उरलं. तिने तेही उघडलं आणि मागे वळून पाहिलं, तर मागे कोणीच नव्हतं. गावातली माणसं संपली होती. तेवढ्यात वेशीत गाड्या वाजल्या. म्हाळसा तिथेच बसली. कोठीच्या तळाशी थोडं खडेमीठ उरलं होतं, ते तिने सुपात घेऊन पुढे ठेवलं.

कारभारी पेठेतून चालत आला. दोन्ही बाजूंना बघत होता. मागून कुऱ्हाडी घेतलेली माणसं होती. असा तो रंगाऱ्याच्या दुकानाशी पोचला आणि थांबला. दुकान उघडं होतं, रांजण होता, पण ओट्यावर कोणी नव्हतं.

"इथे कोण बसतं?" त्याने विचारलं.

म्हाळसा आप्पांच्या ओट्यावरून उठली असती, तर मिठाचं दुकान रिकामं पडलं असतं. ती तशीच बसून राहिली.  तेव्हा पहिल्या गाडीवरून एक गाडीवान खाली उतरला, कासरा जुवावर टाकला आणि ओट्यावर जाऊन मांडी घालून बसला. तो नरसू होता.

"अरे, तू आमच्या गाडीवरचा ना?" कारभारी म्हणाला.

"सकाळपर्यंत होतो. आता दुकानावर आहे. काय रंगवायचंय?"

"नव्या पेठेतली जागा जाईल तुझी."

"जाऊ दे."

 कारभाऱ्याने खांद्यावरचं पांढरं उपरणं काढून पुढे टाकलं. "रंगव. दुकान आहे ना? मग दाखव."

नरसूने उपरणं भिजवून रांजणात बुडवलं आणि काही वेळाने वर काढलं. निळीचं कापड बाहेर निघतं तेव्हा हिरवट-पिवळं असतं आणि वारा लागला की सगळ्यांच्या डोळ्यांदेखत निळं होत जातं. नरसूने ते झटकून दोन्ही हातांत धरलं. माणसं ओट्यांवर उभी राहून पाहू लागली. वारा होता, ऊन होतं. उपरणं पाणी गळता गळता पांढरं होतं तसंच राहिलं.

नरसूने पुन्हा बुडवलं. पुन्हा तेच.

"रंग चढत नाही," कारभारी म्हणाला.

म्हाळसा समोरून म्हणाली, "चढणार नाही आता." एवढंच म्हणाली. तिचा आवाज अगदी रोजचा होता आणि तोच ऐकवेना, असं आजोबा सांगत.

कारभाऱ्याने गुरवाला विचारलं, गुरवाने आणेची हकीकत सांगितली. ती ऐकून कारभारी पेठेच्या मधोमध उभा राहिला. मग आपल्या माणसांना म्हणाला, "फळ्या उघड्या आहेत. माणसं बसलेली आहेत. गाड्या वळवा." जाताना त्याने कुंभाराकडून एक मडकं विकत घेतलं. ओलं उपरणं तो मागे ठेवून गेला. कोणी म्हणतात ते देवीला नेसवलं, कोणी म्हणतात नरसूने डोक्याला बांधलं.

रांजण मेला तो मेलाच. माघाची थंडी होती आणि त्या सकाळी म्हाळसेने तो ढवळला नव्हता, म्हणून मेला असंही कोणी म्हणेल. ते मला सांगता येणार नाही. पण पुढे नरसूने लांबून विरजण मागून आणून नवा रांजण घातला आणि त्यातही म्हाळसेचा हात लागला की रंग उतरायचा, असं सांगतात. तिने मग हात लावणं सोडलं. ती आप्पांच्या दुकानात मीठ विकायची आणि समोरून नरसूला सांगायची, "आता काढ. अजून नको. हं, आता." सासूने शिकवलेलं सगळं तिच्या डोळ्यांत होतं, हातात मात्र येत नव्हतं. संध्याकाळी आपले हात मांडीवर उलटे ठेवून ती बसायची. नखांतला निळा रंग हळूहळू निघून गेला.

पुढच्या माघात वीरभद्रआप्पा परत आले. त्यांना कळलं होतं, की आपली आण मोडून कोणी बाई आपल्या ओट्यावर बसली आहे. ते संतापून आले होते. त्यांना पाहताच म्हाळसा उठली, सूप बाजूला घेतलं आणि म्हणाली, "बसा आप्पा. तुमचीच जागा राखली."

आप्पा ओट्यापाशी आले. ओटा सारवलेला होता, रांगोळी होती, फळ्यांना तेल दिलेलं होतं. ते म्हणाले, "आणि तू कुठे बसशील?"

 स्वतःच्या दुकानात तिला हात लावायला काही नव्हतं. दुसरं दुकान नव्हतं. ती सूप हातात धरून उभी राहिली.

हे हरबाशेट पाहत होते. ते उठले, आपल्या ओट्यावरून उतरले आणि लोहाराच्या ओट्यावर जाऊन बसले. लोहार चकित झाला. हरबाशेट म्हणाले, "ऊठ. तूही दुसरीकडे बस. परक्या ओट्यावर बसायचं तर तिने एकटीनेच का बसायचं?" लोहार उठून सोनाराकडे गेला. सोनार बुरुडाकडे गेला. सगळी पेठ उठली आणि दुसरीकडे बसली.  शेवटी आप्पा समोर गेले आणि रंगाऱ्याच्या ओट्यावर, नरसूशेजारी, अवघडून बसले. म्हाळसा पुन्हा मिठापाशी बसली. तो दिवस रथसप्तमीचा होता.

आप्पांनी ते दुकान पुढे तिलाच दिलं. गेलेल्यांतले पुष्कळ परत आले. मिठाचा मार्ग पुन्हा इथून कधीच गेला नाही, तरी पेठ उभी राहिली.

आजही इथे दुकानं बंद पडतात. पोरं पुण्याला जातात, धंदे मोडतात, माणसं मरतात. पण बंद फळी पुढच्या रथसप्तमीपलीकडे बंद ठेवत नाहीत. मालकाला विचारतात, तो नाही म्हणाला तर त्याच्या घरी जाऊन बसतात. एका दुकानात मुलींचा शिवणवर्ग झाला, एकात वाचनालय, एकात बचत गटाच्या बायका चटण्या विकतात. आज कल्हईवाल्यांचं दुकान उघडायचंय. गेल्या पावसाळ्यात म्हातारा गेला, मागे कोणी नाही. तिथे काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. उघडल्यावर ठरेल.

बघा, जमले सगळे. आमच्यात फळी एका माणसाला उचलू देत नाहीत. तान्ह्या पोराचासुद्धा हात लावून घेतात, म्हणजे जे व्हायचं ते सगळ्यांना थोडं थोडं होईल. तुम्ही पाहुणे असलात म्हणून काय झालं? चला, त्या कडेला धरा. जड आहे.