ओंजळभर पाचोळा

एका राज्यात एक राजा होता आणि त्याला झाडलोटीचं भारी वेड होतं. एके वर्षी त्याने अवघं अरण्य अंगणासारखं झाडायला काढलं, घरट्यांसकट आणि बिळांसकट. तेव्हा रानजोगीण दरबारात आली. तिने राजपुत्र चंद्रसेनाकडे पाहिलं मात्र, त्याचा रातवा पक्षी झाला आणि रानात उडून गेला. रातवा पाचोळ्यात बसला की पाचोळाच दिसतो.

जोगीण म्हणाली, "वैशाखात वणवा येईल, राजा. रानाच्या कडेने मोकळा पट्टा काढलास तर थांबेल. त्या कामात एकही जीव दुखावला नाही, तर मुलगा माणूस होऊन परत येईल. पण एक जरी दुखावला, तरी तो गेला असं समज."

चंद्रसेन हा राजकन्या हेमप्रभेचा पाठचा भाऊ. तिला ना झोप लागे, ना घास उतरे. शिपाई घेऊन ती निघाली.

आधी वाळलं गवत. विळा लागला तसा एका झुबक्यातून तितर बोलला, "राजकन्ये, इथे माझी पिलं आहेत." झुबका ठेवला, भोवतीची जमीन मोकळी केली. मग वाळकी लाकडं. पोकळ ओंडक्यातून घोरपड म्हणाली, "हे माझं घर आहे." शिपायांनी ते घर घोरपडीसकट उचलून आत रानात नेलं.

उरला पाचोळा. आणि रातवा तर बोलत नाही, पाय पडेपर्यंत हलतही नाही. डोंगरामागून धूर येऊ लागला.

"खराटे चालवू द्या, राजकन्ये," सेनापती म्हणाला. "वेळ नाही."

"खराट्याला भाऊ दिसणार नाही," ती म्हणाली आणि गुडघ्यांवर बसून एकेक पान उचलू लागली. कुरकुरत शिपाईही बसले.

अखेर एका पानाने डोळा उघडला.

"चंद्रसेना, चल." तो हलेना. त्याच्या पोटाखाली दोन अंडी होती. त्यांची आई राजाच्या खराट्याखाली गेली होती. हेमप्रभेला रडू फुटलं. तिने ओंजळभर पाचोळा तसाच ठेवला, भोवतालचा काढला आणि त्यावर ओणवी झाली. वणवा पट्ट्याशी आला. ठिणग्या तिच्या पाठीवर पडल्या, ती हलली नाही. खायला काही मिळेना, तसा वणवा विझला.

मग तिच्याखालून ओळखीचा आवाज आला, "हळू, ताई. अंडी गार पडतील." रातव्याचा पुन्हा चंद्रसेन झाला होता, ओंजळीत ती दोन अंडी धरून.

तेव्हापासून त्या राज्यात दरसाल हातानेच पट्टा काढतात. राजालाही बसावं लागतं आणि त्याचे गुडघे फार दुखतात. त्यांचं रान राहिलं, तसा तुमच्या-आमच्या अंगणातही ओंजळभर पाचोळा राहो.