कडीचा तांब्या

एक होता डोंगर. हो, आज राजा नाही, डोंगरच. रोज रोज राजाचं काय सांगायचं? शीतल, पाय आवर, तुझ्या भावाच्या पोटात जातायत. हं.

तर या डोंगराचं नाव केवडगिरी. वर चोवीस देवळं, चोवीस तीर्थंकरांची. खालून बघितलं की वाटायचं, कुणी माथ्यावर धुतलेली धोतरं वाळत घातलीत. सगळ्यात वरचं देऊळ पार्श्वनाथांचं. आणि त्याचं दार, बरं का, बारा वर्षांतून एकदाच उघडायचं. दिवस उगवला की उघडायचं आणि दुपारी बंद. तेव्हा घड्याळं कुठली? देवळापुढं उंच दगडी मानस्तंभ होता. त्याची सावली आखडत आखडत पार त्याच्या पायाशी गेली की उपाध्ये दार ओढून घ्यायचे. मग बसा बारा वर्षं वाट बघत.

डोंगरापासून दोन दिवसांच्या वाटेवर एक गाव होतं. तिथं राहायची गुणव्वा. तिला आयुष्यात एकच आस, त्या देवाचं मुख एकदा डोळे भरून बघायचं.

पहिल्यांदा दार उघडायचं होतं तेव्हा ती नवी सून होती, दिवस भरलेले. सासू म्हणाली, अशा वेळी गाडीत बसायचं नाही. राहिलं. मग बारा वर्षं गेली. दुसऱ्यांदा गाडी जुंपून दारात उभी आणि सासूच तापानं पडली. गुणव्वानं गाडीतलं बोचकं खाली काढलं आणि सासूच्या उशाशी बसली. मग आणखी बारा वर्षं गेली. आता तिच्या डोळ्यांपुढं धुरासारखं यायला लागलं होतं. सुईत दोरा ओवायला नात लागायची. वैद्य म्हणाले, वर्षभर दिसेल, फार तर दोन. म्हणजे कळलं ना? आता नाही तर कधीच नाही.

मग निघाल्या गाड्या. लहानपणी मीही गेलेय तशी. बैलांच्या घुंगरांचा आवाज, अंगाखाली कडब्याचा वास, आणि बायका आळीपाळीनं स्तवन म्हणतायत. दोन दिवस लागायचे, पण ते दोन दिवस कधी संपूच नयेत असं वाटायचं. मागच्या वर्षी तुझा बाप मला मोटारीनं थेट वर घेऊन गेला, दोन तासांत. गुडघे वाचले हो. पण यात्रा केली असं काही वाटलं नाही मला.

असो. डोंगर चढायचा तो अनवाणी आणि उपाशी. वर घास खायचा नाही, आणि दिवस मावळायच्या आत खाली यायचं. पायथ्याला एक विहीर होती. तिथं उजाडल्यावर सगळ्या गाड्यांचं पाणी गुणव्वानं गाळलं. पाणी गाळायचं तर तिनंच, तिचा हात तसा होता. दुहेरी जाड फडकं, अन् धार अशी की थेंब उडायचा नाही. गाळून झालं की फडक्यावर काय राहतं? सन्मती, सांग बघू. बरोबर, जिवाणी. पाण्यातले बारीक बारीक जीव. आपल्या डोळ्यांना दिसत नाहीत, पण असतात. ते फडकं उलटं करायचं, गाळलेल्या पाण्यानं कडीच्या तांब्यात खळबळायचं आणि ते पाणी परत त्याच विहिरीत सोडायचं. तेही वरून ओतायचं नाही, जिवांना मार लागतो. म्हणून त्या तांब्याच्या बुडाला कडी. दोरीनं सोडायचा, पाण्याला टेकला की दोरीला हिसडा द्यायचा, मग तो अलगद कलंडतो.

गुणव्वानं दोन तांबे भरले. एकात अभिषेकाचं पाणी, दुसऱ्यात जिवाणी. दोन्हींवर ओलं फडकं टाकलं. तेवढ्यात वर घंटा झाली, दार उघडलं. मग एकच गडबड, चला चला, उठा उठा. गुणव्वानंही आपला तांब्या उचलला आणि चढायला लागली.

अर्धा डोंगर मागं पडला. टेकायला जागा आली तशी तिनं तांब्या खडकावर ठेवला, तर तो डगमगला. पुन्हा ठेवला, पुन्हा डगमगला. गुणव्वानं बुडाखाली हात घातला आणि हाताला कडी लागली.

बघा आता. अभिषेकाचा तांब्या खाली विहिरीवर, आणि जिवाणी इथं, उन्हात.

नणंद बाळाक्का म्हणाली, झाडाखाली ठेव आणि उतरताना ने. पण माळावर झाड ते किती, आणि सावली किती वेळ? पाणी तापलं असतं. मग एक डोलीवाला म्हणाला, वर टाकं आहे, त्यात ओता, पाणी ते पाणी. पण तसं नसतं ना. ज्या पाण्यातला जीव त्याच पाण्यात जगतो. तिसरं म्हणणं होतं गुणव्वाच्या मनाचं. मन म्हणालं, अगं, ते कुणाला दिसतात? दे ओतून आणि चल. चोवीस वर्षं थांबलीस.

गुणव्वा खडकावर बसली आणि रडली. हातातोंडाशी आलेला घास होता तो. मग डोळे पुसून बाळाक्काला म्हणाली, "आक्का, मला तरी आता कुठं धड दिसतंय? म्हणून जे दिसत नाही ते नाहीच असं होतं का? तुम्ही व्हा पुढं."

आणि उतरली.

विहिरीवर आली. दोरी बांधून तांब्या हळूच सोडला, पाण्याला टेकवला आणि कलंडला. सोडले जीव घरी. मग वर बघितलं तर ऊन तापलेलं, सावल्या आखडलेल्या. आता धावत गेलं तरी दार लागणार. पण गुणव्वा मनाशी म्हणाली, लागलं तर लागलं. बंद दाराला हात तरी लावून येते, आता अभिषेक कसला? भरलेला तांब्या तिनं विहिरीवरच ठेवला.

तिनं पाठ फिरवली, आणि काय झालं माहितीये? विहिरीतून वाफ आली. चुलीवरच्या आधणावर येते तशी, इवलीशी. वर वर गेली, मोठी झाली, तिचा ढग झाला आणि बरोबर केवडगिरीच्या माथ्यावर जाऊन बसला. आजूबाजूला लख्ख ऊन आणि डोंगरावर तेवढी सावली. गुणव्वाला वाटलं, डोळ्यांतला धूरच वाढला. पण पायाखालचा खडक भाजेना, गार लागायला लागला. ती चढत राहिली. दम लागला की कठडा धरायची, मग पुन्हा चढायची. माणसं उतरायला लागली होती.

वर पोचली तर दार उघडं.

उपाध्ये उंबऱ्यात बसले होते, मानस्तंभाकडं बघत. म्हणाले, "बाई, आज सावलीच पडेना. सावली पायाशी आल्याशिवाय दार कसं लावू?"

मग गुणव्वा आत गेली. हातात रिकामा तांब्या. अभिषेकाला थेंब नव्हता, पण देव काही मागत नाही. ती नुसती बघत उभी राहिली. इतकं बघितलं, इतकं बघितलं, की पुढं पुरावं. ती बाहेर आली तसा ढग विरला, सावली खांबाच्या पायाशी पडली आणि उपाध्यांनी दार ओढून घेतलं.

वर्षभरात तिचे डोळे गेले. पण ती कधी हळहळली नाही. त्या सुई ओवणाऱ्या नातीला जवळ घ्यायची आणि तिच्या तोंडावरून बोट फिरवत देव सांगायची. ती नात म्हणजे माझी आज्जी, बरं का. तिनं मला तसाच सांगितला. मी काही ते दार उघडं असताना कधी गेले नाही. पण देवाचं मुख मला पाठ आहे. आज्जीचं बोट अजून कपाळावर फिरतं माझ्या.

ये सन्मती, तोंड इकडं कर. कपाळ असं, रुंद. भुवया अशा. नाक असं सरळ. ओठ हसल्यासारखे, पण हसलेले नाहीत. आणि डोळे असे, अर्धे मिटलेले.

अर्धे म्हटलं, तर यानं पुरतेच मिटले. बरं झालं. गुणव्वा सुखात राहिली, विहिरीतले जीव विहिरीत सुखात राहिले. शीतल, आता तू ये. कपाळ असं, रुंद...